जोडलेला मामा

डॉ. निशिकांत साबळे माणसाच्या बोलण्यावर कधी विश्वास ठेवत नसत, कपाळावर ठेवत. कपाळावर लिहिलेलं असतं ते नव्हे. ते कुणाला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते त्याचे पैसे घेतात. साबळे वाचत ते रक्त.

गोष्ट तशी साधी आहे. हृदयाचा एक ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यावर येते. कपाळ, गाल, हनुवटी सगळीकडे एकदम नाही, जरा पुढंमागं. त्या लाटेनं कातडीचा रंग इतका किंचित पालटतो, की नवऱ्याच्या तोंडावरून त्याचं खोटं ओळखणाऱ्या बायकोलाही तो दिसायचा नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसतो. संगणकानं घडवलेल्या चेहऱ्यात ही लाट नसते. काही हुशार लोकांनी ती नंतर घालून पाहिली, पण त्यांची लाट सगळ्या चेहऱ्यावर एकाच क्षणी उठायची, कवायतीला उभं राहिल्यासारखी. खरं रक्त असं शिस्तीत वागत नाही.

दुसरी खूण विजेची. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ती कधी पन्नासाला केसभर कमी असते, कधी केसभर जास्त. हा चढउतार पुन्हा तस्साच कधी होत नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्याची ढब थोडी वेगळी असते. पंख्याची, ट्यूबची, फ्रिजची गुणगुण प्रत्येक चित्रफितीच्या आवाजात नकळत शिरलेली असते. वीज कंपनीच्या नोंदींशी ती ताडून पाहिली, की चित्रफीत कुठं आणि कधी काढली ते मिनिटासकट कळतं.

या दोन खुणा एकत्र करून साबळ्यांनी पुण्यात एक यंत्रणा उभी केली. नाव 'सत्यनाडी'. ती प्रत्येक फोनमध्ये बसली. चित्रफीत खरी असली की कोपऱ्यात हिरवा टिळा उमटायचा, खोटी असली की लाल. सीमेवर धुसफूस सुरू झाली तेव्हा वरचं धरण फुटल्याची एक चित्रफीत आली होती. पाण्याचा लोंढा असा, की बघणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. पण लोकांनी कोपऱ्यातला लाल टिळा पाहिला, 'हात् मेल्या' म्हणाले आणि पुन्हा शेतात भांगलायला बसले. त्या दिवसापासून साबळ्यांचा फोटो काही घरांत देवाच्या शेजारी लागला, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असेल किंवा नसेल. तेव्हा कुणी तपासली नाही.

आता लग्नाकडे वळू.

साबळ्यांच्या मुलीचं, ओवीचं लग्न बोरजाईवाडीला झालं. हे त्यांच्या बायकोचं, वृषालीताईंचं माहेर. सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव. वृषालीताईंचा धाकटा भाऊ सुभेदार धैर्यशील निकम यानं भाची पाळण्यात होती तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "हिचं लग्न माझ्या दारात. मांडवात आणणार मी, पाठीशी उभा राहणार मी." मांडव उभा राहिला आणि रजा बंद झाल्या. सुभेदार राहिला बर्फातल्या चौकीवर, पाठराखणीची जागा राहिली रिकामी.

मामाशिवाय मंगलाष्टकं म्हणजे वृषालीताईंच्या जिवाला घोर. त्यांनी गावच्या लोखंडे फोटोवाल्याला गाठलं. हल्ली फौजी गावांतल्या फोटोवाल्यांचा हाच मुख्य धंदा झाला होता: रजा न मिळालेला माणूस लग्नात जोडून देणे. चौकीवर सुभेदारानं लोकरीच्या टोपीवर साफा बांधला. मेजरसाहेबांनी स्वतः फोन धरला आणि दहा मिनिटं सूट दिली. इकडं लोखंड्यानं त्याची जिवंत छबी ओवीच्या मागं उभी केली. गावच्या मंगल कार्यालयात मोठा पडदा होता. त्यावर मामा पाठीशी उभा, डोळ्यांत पाणी, मिशीला पीळ. साबळ्यांना मात्र यातलं काहीच सांगितलं नव्हतं. घरात सत्यनाडी आणि मांडवात खोटा मामा, हे त्यांना कसं चालावं? आणि ते सगळा वेळ आचाऱ्याच्या मागं धावत होते. मसालेभात करपला होता.

त्याच दुपारी चौकीवर हल्ला झाला. सुभेदार निकम आणि त्याच्या माणसांनी चौकी राखली. मेजरसाहेब गेले. युद्ध जाहीर झालं.

आठवडाभरानं सीमेपलीकडच्यांनी एक चित्रफीत सोडली. 'चौकी रिकामीच होती. हा पाहा तुमचा शूर सुभेदार, त्याच दिवशी लग्नात जेवतोय.' चित्रफीत बोरजाईवाडीची. लोखंड्यानं जाहिरातीसाठी स्वतःच टाकलेली.

ती तपासायला पुण्याला आली. साबळ्यांच्या हाताखालची मुलगी, प्रणाली, ती घेऊन आत आली आणि दारातच घुटमळली.

"सर, हे... तुमच्याकडचंच लग्न ना?"

साबळ्यांनी पाहिलं. आपली लेक, तिच्यामागं आपला मेहुणा. त्यांनी तीनदा तपासलं. कपाळावर लाट, गालावर लाट, हनुवटीवर जरा उशिरानं, अगदी व्हायची तशी. विजेची गुणगुण सातारा जिल्ह्याची, मुहूर्ताच्या मिनिटाची. टिळा हिरवागार.

"सर, थोडं थांबायचं का? म्हणजे... घरी विचारून?"

"मेहुणा असो नाहीतर महादेव असो," साबळे म्हणाले आणि त्यांनी शिक्का उठवला.

संध्याकाळी घरात शिरता शिरताच त्यांनी विचारलं, "धैर्यशील लग्नाला आला होता, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कोण आला होता?"

"तुझा भाऊ."

"अहो, काहीतरी काय! दिवसभर त्याच्या नावानं रडले, ती हौस म्हणून?"

"हिरवा आलाय."

मग वृषालीताईंनी सगळं सांगितलं; लोखंडे, साफा, पडदा. "तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही कार्यालयाच्या दारात उभं राहून वऱ्हाड्यांना सांगितलं असतंत, की आमचा मामा खोटा आहे, नीट बघून जेवा."

"जोडलेला असता तर मशीननं धरला असता."

"मग मशीन चुकलंय."

"मशीन चुकत नाही, वृषाली. भाऊ आहे, मी समजू शकतो. पण अशा वेळी खोटं बोलायचं म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून वृषालीताई नवऱ्याशी तिसऱ्या माणसामार्फत बोलू लागल्या. घरात तिसरं माणूस नसल्यानं ते काम कुकरकडे आलं. "सांग रे बाबा ह्यांना, भात झालाय म्हणून." तिकडं सुभेदाराला चौकीवरून उतरवून चौकशीत बसवलं. पळून गेल्याचं शाबीत झालं तर जन्माची कैद, आणि त्याच्याबरोबर लढलेल्या प्रत्येकावर खोट्या साक्षीचा ठपका. साथीदार शपथेवर सांगत होते, की तो आमच्याबरोबर होता. पण साथीदार तसंच सांगणार, असं सगळ्यांचं म्हणणं. ज्यांनी फोन धरला होता ते मेजरसाहेब तर साक्षीला येणार नव्हते.

शेवटी कुकरला मध्ये न घालता वृषालीताई म्हणाल्या, "गावाला चला. चारशे माणूस जेवलंय. एकजण तरी खरं सांगेल."

गेले. लोखंड्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खालून बोलला, "ताई, मी काय न्हाई जोडलं. जिवंत माणूस जोडून तसं न सांगता चित्रफीत टाकली तर नव्या लढाईच्या कायद्यात सात वर्षं हायेत. माझी पोरगी दहावीला हाय. तुमी पाया पडा नायतर दगड मारा, मी न्हाई जोडलं."

पारावर बबनतात्या बसले होते. जुने फौजी, नायक म्हणून निवृत्त झालेले. पण आवाज अजून सुभेदार मेजरचा.

"आलं व्हतं की धैर्या! माझ्या हातातनं पेढा घेतला. म्हटलं, लेका, रजा कशी गावली? तर नुसता हसला."

"तात्या, अहो तो पडद्यावर होता," वृषालीताई म्हणाल्या.

"पडद्यावरचा माणूस पेढा खातोय व्हय? आन् हिरवा टिळा हाय की! आमच्या डोळ्यांस्नी मोतीबिंदू असंल, जावईबापूंच्या मशीनला न्हाई."

मग ज्याला त्याला आठवू लागलं. एकाला धैर्यशीलनं तंबाखू मागितली होती. एकीच्या नातवाला त्यानं खांद्यावर घेतलं होतं. अंतरपाटाचं एक टोक धरणारा पाहुणा म्हणाला, त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, आणि मानही दाखवली. गावात खोटं बोलणारा एकही नव्हता, हीच खरी पंचाईत होती. सगळ्यांनी मामाला पाहिलंच होतं. फक्त कुठं पाहिलं, ते टिळ्यानं पुसून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी वृषालीताई चालवत होत्या. साबळे हळूच म्हणाले, "मलाही आठवतंय गं. मी पाण्याचा जार घेऊन चाललो होतो. साफा दिसला. मिशी दिसली. मी हातसुद्धा केला."

वृषालीताईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फोनवर ती चित्रफीत काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मी शास्त्रज्ञ नाही. मला लाट नको, वीज नको. माझ्या भावाच्या अंगावर एक अक्षता दाखवा."

साबळे बघू लागले. मंगलाष्टकं संपत आली होती, चारी बाजूंनी अक्षतांचा पाऊस पडत होता. ओवीच्या मुंडावळ्यांत तांदूळ, नवरदेवाच्या खांद्यावर तांदूळ, भटजींच्या टकलावर दोन पिवळे दाणे चिकटलेले. मामाच्या पुढून तांदूळ पडत होते, मागून पडत होते. साफ्यावर एक नाही. खांद्यावर एक नाही. मिशीत अडकलेला, कॉलरमध्ये शिरलेला एकही नाही. साबळ्यांनी ते दृश्य थांबवून, मोठं करून, उलटं चालवून पाहिलं. रस्त्यावरून ऊस वाहून नेणारे दोन ट्रॅक्टर गेले तरी त्यांची मान वर झाली नाही.

"झटकले असतील," ते शेवटी क्षीणपणे म्हणाले.

"कुणी झटकले? हात तर जोडलेलेच आहेत सगळा वेळ."

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आणि आपण बांधलेल्या घराचा पाया आपल्यालाच दिसावा तसा फार खोलवर पडला. कपाळावरचं रक्त खरं होतं, कारण माणूस खरा होता, त्या क्षणी जिवंत होता. फक्त दोन हजार किलोमीटरांवर होता. गुणगुण खरी होती, कारण ती कार्यालयातल्या माइकची होती. अर्धं सत्य इथलं, अर्धं तिथलं, दोन्ही मिळून एक अख्खं खोटं. साबळे धरून चालले होते, की खोटं बोलणारा नेहमी मेलेला चेहरा वापरेल. जिवंत माणूस डोळ्यांत पाणी आणून, बहिणीच्या हट्टापायी आपणहून खोट्यात उभा राहील, हे त्यांच्या गणितात कुठंच नव्हतं. हे गणितात नाही, नात्यात असतं.

"वृषाली," ते म्हणाले, "हे मी जाहीर केलं तर मशीन संपलं. लढाई चालू आहे. उद्या धरण फुटल्याची चित्रफीत आली तर लोक कुणाचं ऐकतील?"

"आणि नाही केलं तर?"

साबळ्यांनी फोन परत दिला आणि वृषालीताईंनी गाडी सुरू केली. गाडी घाट उतरली तेव्हा त्यांनी प्रणालीला फोन लावला.

चौकशी मंडळाचे अध्यक्ष दक्षिणेकडचे ब्रिगेडियर होते. अक्षता म्हणजे काय इथपासून सुरुवात झाली. लग्नात नवरानवरीवर धान्य का उधळायचं आणि ते मामावर पडलंच पाहिजे असा नियम आहे का, असं त्यांनी विचारलं. साबळे म्हणाले, "नियम नाही, साहेब. पण पडतंच. आमच्याकडे वऱ्हाड्यांचा नेम चांगला नसतो."

ब्रिगेडियरांना हसू आलं, पण तांदळाच्या जोरावर माणूस सोडता येत नव्हता. म्हणून साबळ्यांनी त्यांना त्यांच्याच कचेरीतली, त्याच क्षणी घेतलेली चित्रफीत दाखवली. तिच्यात ब्रिगेडियरांच्या टेबलाशेजारी प्रणाली उभी होती, नमस्कार करत. टिळा हिरवा. ब्रिगेडियरांनी शेजारी पाहिलं. तिथं एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांची टोपी. प्रणाली पुण्यात होती.

ब्रिगेडियरांनी टोपी उचलून खुर्ची रिकामीच असल्याची खात्री केली.

"तुम्हाला कळतंय ना," ब्रिगेडियर म्हणाले, "हे कागदावर आलं की झाकून राहणार नाही?"

"कळतंय."

"देशभर याच्यावर विश्वास आहे."

"माझाही होता," साबळे म्हणाले.

सुभेदार सुटला. सत्यनाडी पंधरवड्यात बंद झाली. आणि जे व्हायचं तेच झालं: धरण फुटल्याची तीच जुनी चित्रफीत पुन्हा निघाली. यावेळी तिला लाल टिळा नव्हता, हिरवाही नव्हता. तीन गावं एकाच वेळी डोंगराकडे पळाली, अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि दोन माणसं गेली. साबळे त्या दोन्ही घरी जाऊन बसून आले. त्यांना तिथं कुणी ओळखलं नाही. चहा मात्र दिला.

लढाई थांबली. सुभेदार धैर्यशील निकम भैरोबाच्या यात्रेला रजेवर आला. बोरजाईवाडीची रीत अशी, की यात्रेच्या सकाळी पालखी उचलताना पहिला खांदा रजेवर आलेल्या जवानाचा. त्या मानासाठी माणसं दिल्लीहून विमानानं येतात. सुभेदार आंघोळ करून, पांढरा पोशाख घालून देवळात गेला. पालखीच्या दांड्याला हात लावणार, तोच बबनतात्यांनी काठी आडवी घातली.

"तू नगं."

"का, तात्या?"

"तू लग्नात जेवत व्हतास तवा चौकीवर कोण व्हतं, ते सांग आधी."

"तात्या, फौजेनं सोडलंय मला."

"फौजेनं सोडलं, आमी बघितलं त्याचं काय? ह्या डोळ्यांनी बघितलंय. आन् जावईबापूंनी मेव्हण्यापायी सोन्यासारखी मशीन मोडली, हे शेंबडं पोरबी सांगतंय."

ज्या माणसानं बर्फात दोन रात्री बंदूक खाली ठेवली नव्हती, त्याचा दांड्याकडे गेलेला हात खाली आला. वृषालीताई पुढं झाल्या, "तात्या, देवाच्या दारात तरी..." पण तात्यांची काठी तशीच आडवी राहिली. गर्दी खाली बघत होती. कुणाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ज्यानं त्यानं धैर्यशीलला पाहिलं होतं, आता ते कसं फिरवणार?

साबळे पुढं आले. सगळ्यांना वाटलं, आता हे पुन्हा विजेचं आणि रक्ताचं सांगणार. दोघंतिघं उगाच चपला शोधू लागले.

"तात्या," साबळे म्हणाले, "धैर्यशील लग्नात होता."

वृषालीताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की कुकरच्या मार्फतही ते सांगता यायचं नाही.

"होताच," साबळे म्हणाले. "तुम्ही चारशे माणसं खोटं कशाला बोलाल? पण चौकीवरही होता."

"ते कसं काय?"

"मला सांगायची बंदी होती. मेजरसाहेबांनी हेलिकॉप्टर दिलं. म्हणाले, 'निकम, भाचीच्या पाठीशी उभा राहा आणि परत ये. जेवायला थांबू नकोस.' साखर कारखान्यामागच्या माळावर उतरला. मंगलाष्टकं संपली आणि गेला. दुपारी हल्ला झाला तेव्हा चौकीवर हजर. आता मेजरसाहेब गेले, त्यांच्या नावाला बट्टा नको म्हणून हा पोरगा तुरुंगात बसला, पण तोंड उघडलं नाही. म्हणून मला मशीन खोटं पाडावं लागलं."

मग गर्दीतून एक आवाज आला, "तरीच! त्या दिवशी माझा माळाकडचा ऊस आडवा झाला व्हता. मी म्हटलं वारा न्हाई, वावटळ न्हाई..."

"आवाज तर मीबी ऐकला," दुसरा म्हणाला. "फडफडफडफड. मला वाटलं, जनरेटर."

"आन् पेढा," बबनतात्या हळूहळू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "पेढा खाल्ला त्यानं, पण जेवायला न्हाई थांबला. म्हटलं व्हतं मी, लेका, पंगत बसतीया. तर नुसता हसला." त्यांनी काठी टाकली आणि सुभेदाराला मिठीच मारली. "आरं मर्दा, सांगायचं न्हाईस व्हय!"

सुभेदारानं बहिणीकडे पाहिलं, मग दाजींकडे. दाजी भैरोबाच्या कळसाकडे बघत होते.

"बंदी व्हती, तात्या," सुभेदार म्हणाला आणि पालखीखाली खांदा दिला.

गुलाल उधळला गेला. हलगी घुमली. पालखी देवळाबाहेर पडताना सुभेदार दाजींच्या जवळून गेला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "दाजी, हेलिकॉप्टर?"

"रस्त्यानं वेळेत पोचला नसतास," दाजी म्हणाले.

दुपारची पंगत उठायच्या आत लोखंडे फोटोवाला धावत आला. त्याच्या फोनवर एक चित्रफीत फिरत होती: कारखान्यामागचा माळ, धुरळा, उतरणारं हेलिकॉप्टर आणि साफा सावरत खाली उडी मारणारा सुभेदार. कुणी केली, कधी केली, देव जाणे. सगळे साबळ्यांभोवती गोळा झाले.

"जावईबापू, बघा की," बबनतात्या म्हणाले. "मशीन न्हाई तर तुमी तरी सांगा. खरी हाय न्हवं?"

वृषालीताई ताक वाढता वाढता थांबल्या. साबळ्यांनी चष्मा पुसला. चित्रफीत एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"वारा जरा कमी दाखवलाय," ते म्हणाले, आणि पानातला मसालेभात कालवायला घेतला.